अर्धी भाकरी

मंडळी, आज वीकएण्डचे बेत नाहीत, नवं कॅफे नाही, सेलही नाही. आज भाकरी. तीही अर्धी.

मे महिन्यातला रविवार होता. मी बावड्याला, आमच्या गावी गेले होते. बावडा म्हटल्यावर ‘हे कुठं आलं?’ असा चेहरा करणाऱ्यांसाठी सांगते. स्वारगेटहून एसटी पकडायची, सोलापूर हायवेनं इंदापूर गाठायचं आणि तिथून अकलूजच्या रस्त्याला लागायचं. दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला की समजायचं, गाव जवळ आलं. पुढं नीरा नदी, आणि नदीच्या पलीकडं सोलापूर जिल्हा.

तर, दुपारची जेवणं चालली होती. आजीच्या ताटात ज्वारीची भाकरी, आमटीची वाटी, बाजूला मिरचीचा ठेचा. आजी जेवली, हात धुतला आणि मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, “बघ की गं पोरी. मला कोरडी भाकर वाढत्यात. कोरड्यास न्हाई, काय न्हाई. आन् तीबी अर्धी.”

मी ताटाकडं बघितलं. आमटीची वाटी भरलेली, जशीच्या तशी. ठेच्याला बोट लागलेलं नाही. आणि भाकरी बरोबर निम्मी खाल्लेली, सुरीनं कापल्यासारखी. उजवी बाजू फस्त, डावी शिल्लक.

तेवढ्यात काकू आत आली. तिनं ऐकलं होतं. “आत्या, अवं म्होरंच हाय की वाटी!” एवढंच म्हणाली आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. नंतर कळलं, ही तक्रार घरातच राहिलेली नव्हती. आजीनं शेजारणीला सांगितलं होतं, शेजारणीनं तिच्या जावेला, आणि महिन्याभरात गावात बोभाटा झाला होता की अमक्याची सून सासूला उपाशी ठेवते. पंचवीस वर्षं त्या घरात राबलेली माझी काकू हल्ली विहिरीवरही मान खाली घालून जात होती.

आणि मी? मी पुण्यात. मास कॉमची डिग्री, डोक्यावर तीन डेडलाइन, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘टेक केअर आजी’ असा मेसेज टाकून मोकळी.

थोडं मागं जाते. मार्चमध्ये आजीवरून वारं गेलं होतं. आमच्याकडं असंच म्हणतात. शहरात त्याला स्ट्रोक म्हणतात. मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला, डावा हात आणि डावा पाय लुळा पडला. सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, आणि ‘थोडं पडू द्या, उतरंल’ म्हणण्यात दुपार झाली. मग गाडी, मग दवाखाना. तिथं उपचार झाले, आजी वाचली, फिजिओथेरपीनं पाय टेकायलाही लागली. हातापायाची काळजी सगळ्यांनी घेतली. ताटाकडं मात्र कुणी बघितलं नाही. आम्ही समजलो, म्हातारपण. जरा जास्त रागात असलो तर समजलो, खोडी.

जूनमध्ये आजीला फॉलोअपसाठी पुण्याला आणलं. बोलता बोलता मी न्यूरॉलॉजिस्टना भाकरीचं सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि म्हणाले, “एकदा न्यूरोसायकॉलॉजिस्टना दाखवून या.”

खरं सांगू? हा शब्द मी पहिल्यांदा तिथंच ऐकला. माझ्या डोक्यात तोवर मेंदूवाले आणि मनवाले असे दोनच कप्पे होते. त्यामुळं तुमच्यासाठी हा थोडा हिशेब. न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदूचा आणि मज्जासंस्थेचा डॉक्टर. तो स्कॅन बघतो, औषध देतो. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मानसिक आजारांचा डॉक्टर. तोही औषध देतो. न्यूरोसायकॉलॉजिस्ट मात्र एमबीबीएस केलेला असेलच असं नाही. तो मूळचा मानसशास्त्राचा विद्यार्थी. मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली की माणसाचं नेमकं काय हरवतं आणि काय शाबूत राहतं, हे तो शोधतो. स्मरणशक्ती? भाषा? लक्ष? की चेहरे ओळखणं? हा फोटो मशीन काढत नाही. त्यासाठी माणसासमोर तासन् तास बसावं लागतं.

आमच्या वाट्याला आलेल्या मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांच्या विनंतीवरून नाव लिहीत नाही. टेबलावर लॅपटॉप होता, पण तो त्यांनी बंद केला. मी मनात म्हटलं, आता विचारणार, आज तारीख काय, वार काय. आधी एका ठिकाणी हे प्रश्न विचारून झाले होते, आजीला तारीख सांगता आली नव्हती आणि कागदावर ‘गोंधळलेली’ असं लिहून आलं होतं.

मॅडमनी विचारलं, “आजी, तुकोबांची पालखी येऊन गेली का तुमच्या गावात?”

आजी हसली. “आता कुठली? परवा तर वटपुनव झाली. अजून पंधरा-वीस दिस हायत की.”

एकदम बरोबर! देहूहून निघालेली पालखी इंदापूर सोडून सराटीच्या मुक्कामाला जाताना आमच्या गावावरूनच जाते. आजीनं भिंतीवरचं कॅलेंडर कधी वाचलेलं नाही. तिचं वर्ष सणांनी आणि पिकांनी मोजलं जातं, आणि तो हिशेब तिच्या डोक्यात पक्का होता.

मग मॅडमनी कागदावर रेघा ओढल्या आणि प्रत्येक रेघ बरोबर मध्ये तोडायला सांगितली. आजीनं सगळ्या खुणा उजवीकडं सरकवून केल्या. घड्याळ काढायला सांगणं ही नेहमीची चाचणी, पण आजीनं घड्याळ कधी काढलेलंच नाही. म्हणून मॅडमनी काळी पाटी आणि खडू दिला आणि म्हणाल्या, “दारात काढता तसं कमळ काढा.” साठ वर्षं रोज रांगोळी घातलेला तो हात. आजीनं झरझर पाकळ्या ओढल्या. सगळ्या उजव्या बाजूला. डावीकडं पाटी कोरी, आणि चेहऱ्यावर ‘झालं की!’ असं समाधान.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या प्रश्नाला.

“आजी, डोळे मिटा. तुम्ही तुमच्या घराच्या दारात उभ्या आहात, तोंड रस्त्याकडं. काय काय दिसतंय?”

आजी सांगायला लागली. पिठाची गिरण, किराणा दुकान, लिंबाचं झाड, त्याखालचा कट्टा. सगळं उजव्या हाताचं. डावीकडं आमचा स्वतःचा गोठा आहे आणि त्याला लागून मारुतीचं देऊळ. दर शनिवारी जिथं ती तेल घालते, ते देऊळ तिच्या यादीत नव्हतं.

“बरं. आता रस्त्यावर जा आणि तोंड घराकडं करा. आता सांगा.”

“गोठा. म्हशी. मारुतीचं देऊळ...” आजी एकेक सांगत गेली. आणि या वेळी गिरण गायब, दुकान गायब, लिंबही गायब!

माझ्या अंगावर काटा आला. आजी काहीच विसरलेली नव्हती. गोठा होता, गिरणही होती, फक्त जे डाव्या हाताला पडेल ते तिच्यासाठी नाहीसं होत होतं. ताटातही आणि मनातल्या गावातही. एदुआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुत्साती या दोन इटालियन संशोधकांनी १९७८ मध्ये मिलान शहरातल्या कॅथिड्रलसमोरच्या चौकाबद्दल रुग्णांना असाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं. मिलानच्या चौकाच्या जागी मॅडमनी बावड्याची गल्ली ठेवली, एवढंच.

याला निग्लेक्ट म्हणतात. डोळे ठीक असतात, नजर पोचते, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. बहुतेक वेळा हे उजव्या मेंदूला इजा झाल्यावर होतं आणि डावी बाजू हरवते. त्याचं एक मान्य स्पष्टीकरण असं, की डावा मेंदू मुख्यतः उजवीकडं लक्ष ठेवतो, पण उजवा मेंदू दोन्हीकडं. त्यामुळं डावा बिघडला तर उजवा सांभाळून घेतो. उजवा बिघडला तर डाव्या बाजूला कुणी वाली राहत नाही. आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे माणसाला आपलं काही हरवलंय याचा पत्ताच नसतो. आजी खोटं बोलत नव्हती. तिच्या जगात वाटी खरंच वाढलेली नव्हती.

आणि आमटीची वाटी डावीकडं का होती? तर आजीच्या उजव्या हाताचा धक्का लागून सांडू नये म्हणून काकू ती मुद्दाम डावीकडं ठेवायची. काळजीनं ठेवलेली वाटीच तिच्या बदनामीचं कारण झाली.

काकू माझ्या शेजारीच बसली होती. मॅडम तिच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुमची काही चूक नाही. त्यांचीही नाही.” काकूनं पदर तोंडाला लावला. तीन महिन्यांत तिला हे वाक्य कुणीच म्हटलं नव्हतं. मी तर नाहीच.

दोन आठवड्यांनी मी मॅडमना पुन्हा भेटले, या वेळी कॉलमसाठी. पहिला प्रश्न तोच, जो तुमच्या मनात आला असेल: या लाइनमध्ये माणूस येतो कसा?

त्या अपघातानंच आल्या. बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं, घरात सुतक पडल्यासारखं झालं. सायकॉलॉजी घेतली तेव्हा नातेवाइकांनी ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’ असं विचारून घेतलं. मग एमए, मग क्लिनिकल सायकॉलॉजीचं एमफिल. त्याची प्रवेश परीक्षा दुसऱ्या फटक्यात निघाली. वॉर्डात ट्रेनिंग घेताना डोक्याला मार लागलेला एक तरुण मुलगा भेटला. तो सगळं बोलायचा, पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी त्याला नवा असायचा. “त्या दिवशी ठरलं,” त्या म्हणाल्या. बास, एवढंच.

तुमच्यापैकी कुणाच्या बहिणीला-भावाला रस असेल तर नीट ऐका. आपल्याकडं अनेक वर्षं हाच रस्ता होता: मानसशास्त्रात एमए आणि मग क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमफिल, तेही रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेल्या संस्थेतून. ही परिषद १९९२ च्या कायद्यानं आली आणि तिच्याकडं नोंदणी असल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही. बंगळूरच्या निम्हान्सची या विषयातली परंपरा तर १९५० च्या दशकापासूनची. पुढं न्यूरोसायकॉलॉजीत यायचं तर न्यूरॉलॉजी विभागात काम, पीएचडी, अनुभव. मात्र यूजीसीनं २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुभा मिळाली आणि आता अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे. म्हणून कुणा काकांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. आरसीआयची ताजी यादी बघूनच फॉर्म भरा.

“पण डिग्रीनं अर्धंच काम होतं,” मॅडम म्हणाल्या. उरलेलं अर्धं कसं होतं, हे सांगताना त्यांनी एक नाव घेतलं: अलेक्झांडर लुरिया. आधुनिक न्यूरोसायकॉलॉजीच्या संस्थापकांपैकी एक. रशियातल्या कझान शहरात १९०२ मध्ये जन्मला, मानसशास्त्रात नाव कमावलं, आणि तरीही पुन्हा विद्यार्थी होऊन १९३७ मध्ये वैद्यकीची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांना त्यानं उरल भागातल्या हॉस्पिटलमध्ये पुन्हा उभं केलं.

पण मॅडमना आवडतो तो त्याआधीचा लुरिया. १९३१-३२ मध्ये तो उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेला. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लाकडाचा ओंडका दाखवून त्यानं शेतकऱ्यांना विचारलं, यातलं वेगळं काय? शाळेत गेलेला माणूस म्हणेल, ओंडका, बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणाले, वेगळं काहीच नाही, ओंडका काढला तर करवत चालवायची कशावर? आता सांगा, चुकलं कोण? आमच्या काकांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, आणि वर म्हणाले असते, “पुण्याची माणसं येडीच!”

मुद्दा हाच. अक्षरओळख नसलेल्या माणसाला शहरी पेपर सोडवायला दिला तर तो नापास होणार, आणि आपण म्हणणार, मेंदू बिघडला. हा प्रश्न आपल्याकडंही ओळखला गेलाय. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी, वाचता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना चालेल अशी हिंदी चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढं आयसीएमआरनं डिमेन्शियाच्या निदानासाठी चाचण्यांचा संच आधी पाच भाषांत तयार केला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पहिल्या पाचांत आपली मराठी नव्हती. मराठीत काम करणारे लोक आपापल्या परीनं भाषांतरं करतात, जुळवून घेतात. पण पुण्याची मराठी आणि आजीची मराठी तरी एक कुठं आहे? ‘कोरड्यास’ म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, तो आजीला काय विचारणार?

“मग तुम्हाला हे सगळं कुठून माहीत?” मी विचारलं.

“सुट्टीच्या दिवशी कळतं,” त्या हसल्या. त्या दर वर्षी दोन दिवस वारीत चालतात. भक्तीपेक्षा गप्पांसाठी, हे त्यांचंच म्हणणं. मंडईत जाऊन भाजीवाल्या मावश्यांचा तोंडी हिशेब ऐकत उभ्या राहतात. पत्त्यांत मेंढीकोट खेळतात आणि कोणाला कुठली पानं आठवतात ते बघतात. आणि नाटकं! प्रायोगिक, व्यावसायिक, एकांकिका, काहीही. मी म्हटलं, एवढ्या दमणुकीच्या कामानंतर नाटकाला वेळ कसा काढता? तर म्हणाल्या, “डॉ. मोहन आगाशेंना विचारा की!”

हे बाकी खरं. आगाशे न्यूरोसायकॉलॉजिस्ट नव्हेत, सायकिअॅट्रिस्ट. पण आपल्याच जिल्ह्यातल्या भोरचे, जन्म १९४७ चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकले आणि शिकवलंही. १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं, त्यातले नाना फडणवीस हेच. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल, तेही डॉक्टर, दौंडला प्रॅक्टिस करणारे बालरोगतज्ज्ञ. पुढं १९९१ मध्ये पुण्यात मानसिक आरोग्याची सरकारी संस्था उभी राहिली, तिचे संस्थापक-संचालक आगाशे. आणि २०१३ च्या ‘अस्तु’मध्ये त्यांनी अल्झायमर झालेला संस्कृतचा पंडित उभा केला. अभ्यास पेशंटचा, मांडणी नटाची. त्यांच्याबाबतीत काम कुठं संपतं आणि छंद कुठं सुरू होतो, ते त्यांनाच माहीत.

आपण ऑफिसवाले लोक वर्क-लाइफ बॅलन्सवर किती बोलतो. तराजू घेऊन बसतो: या पारड्यात काम, त्या पारड्यात आयुष्य. मॅडमचं ऐकून मला वाटलं, काही कामांना तो तराजू चालतच नाही. पालखी कधी येते हे त्यांना वारीत चालल्यामुळं माहीत होतं. ती सुट्टी नसती, तर आजीच्या कागदावर पुन्हा ‘गोंधळलेली’ असंच लिहून आलं असतं. आणि काकू आयुष्यभर मान खाली घालून फिरली असती.

आता उपाय. औषधाची गोळी नाही. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि आजीला शिकवायचं: लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच जेवण संपलं म्हणायचं. बोलताना डावीकडं बसायचं, म्हणजे तिला वळावं लागेल. रोज, न चुकता, न ओरडता. हळूहळू सुधारतं, बऱ्याच जणांत काही आठवड्यांत, काहींत महिने लागतात, काहींत थोडं उरतंच. आमच्याकडं ही ड्यूटी काकूनं घेतली. मी करते म्हटलं तर म्हणाली, “तू ऱ्हा पुण्यात. फोन करत जा म्हंजे झालं.”

आणि एक गोष्ट, जी मला मार्चमध्ये माहीत असायला हवी होती. तोंड एकीकडं वाकडं, एक हात उचलेना, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक दिसलं तर ‘उतरंल’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवण्याचं औषध सुरुवातीच्या साडेचार तासांत देतात, आणि तेही आधी स्कॅन करून. वेळ कधी सुरू झाली ते लक्षात ठेवा. आमचे ते तास अंथरुणावर गेले.

पालखीच्या दिवशी मी सुट्टी टाकून बावड्याला गेले. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून आजीला बसवलं होतं. पालखी इंदापूरकडून, म्हणजे तिच्या डाव्या हातानं येणार होती. मी म्हटलं, खुर्ची फिरवू या का? काकू म्हणाली, “राहू दे.” टाळ-मृदंग ऐकू यायला लागले. आजी उजवीकडं बघत होती, मोकळ्या रस्त्याकडं.

काकू तिच्या डाव्या बाजूला उकिडवी बसली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “आत्या, हिकडं. लाल दिसंस्तवर.” काकूनं त्या दिवशी लाल लुगडं नेसलं होतं.

आजीनं मान वळवली. थोडी. मग आणखी थोडी. आधी काकू दिसली असणार, आणि मग तिच्या मागून येणाऱ्या पताका. आजीनं उजवा हात कपाळाला लावला.

दुपारी जेवायला बसलो. आजीनं भाकरी संपवली, आमटीची वाटी पुसून घेतली आणि ताट पुढं सरकवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आज बरं वाढलंस गं.”

काकूनं माझ्याकडं बघितलं, आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.